भावाचा दमा, आईचा दोष

माझ्या धाकट्या भावाला खोकल्याची उबळ आली की आमच्या घरात तीन गोष्टी ठरलेल्या क्रमाने होतात. तो खिशातून पंप काढतो. मी मोबाईलमधून डोकं वर काढतो. आणि आई स्वयंपाकघरातून, कुणाकडेच न बघता म्हणते, "म्या त्याला फडात नेलं नसतं, तर ही येळ आली नसती."

हे वाक्य मी वीसेक वर्षं ऐकतोय. यंदा दिवाळीला पाटोद्याला गेलो तेव्हाही ऐकलं. गल्लीत फटाक्यांचा धूर दाटला होता. भाऊ घरात आला, दार लावलं, दोन पफ घेतले आणि भिंतीला टेकून बसला. आई बोललीच.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रात्री एखादी सिस्टिम बंद पडली तर ती का पडली हे शोधायचं आणि सकाळी लिहून द्यायचं, हा माझ्या नोकरीचा मोठा भाग. त्यामुळे आईचं हे वाक्य मला नेहमी न तपासलेल्या तिकिटासारखं वाटत आलंय. कारण आधीच ठरलेलं, दोषीही आधीच ठरलेला, आणि तपास कुणी केलेलाच नाही.

तो तपास मी यंदा करायला घेतला. आईला यातून मोकळं करायचं, एवढाच हेतू होता. ते जमलं नाही. का जमलं नाही, ते लिहितोय.

*

आधी काय घडलं ते.

आमचा तालुका बालाघाटच्या डोंगरावर. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात, गवळवाडीजवळ उगम पावते. पण तिचं पाणी खालच्या लोकांना. आमच्या वाट्याला पाऊस पडला तर बाजरी आणि नाही पडला तर कोयता. दसरा झाला की ट्रक आणि ट्रॅक्टर भरतात, गावं रिकामी होतात आणि माणसं सांगली, कोल्हापूर, सातारा नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांकडे ऊस तोडायला निघतात. चार-पाच महिने मुक्काम तिकडेच.

2001 साली श्रावणात भाऊ जन्मला. त्या हंगामाची उचल आई-दादांनी आधीच घेतली होती आणि ती घरावर पत्रे टाकण्यात संपलीही होती. दिवाळीनंतर आम्ही निघालो तेव्हा भाऊ तीन महिन्यांचा होता आणि मी पाचव्या वर्षात.

कोपी म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: बांबूच्या कामट्या वाकवून त्यावर ताडपत्री किंवा पाचट टाकलेली झोपडी. वाकून आत जायचं. चूल दाराशी, थंडी फार असेल तर आतच. सरपण म्हणजे मिळेल ते, आणि उसाच्या फडात सगळ्यात जास्त मिळतं ते पाचट. पाचट भडकन पेटतं आणि धूर मात्र खूप करतं. आई पहाटे तीनला उठायची. उजाडायच्या आत फडात. भाऊ बांधाला साडीच्या झोळीत, आणि झोळीपाशी राखणीला मी.

पौषातल्या थंडीत आधी मला सर्दी झाली. मग त्याला. माझी आठवड्यात गेली. त्याची नाकातून छातीत उतरली. दूध ओढेना, श्वास भराभरा चालू झाला आणि एका संध्याकाळी त्याचं पोट उडायला लागलं. ज्यांच्या घरात लहान लेकरू आजारी पडलंय त्यांना हे शब्द कळतील: श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो आणि पोट भात्यासारखं वर-खाली होतं. दादा वाहनाच्या शोधात एका बाजूला गेले. आई त्याला पोटाशी धरून अंधारात डांबरी रस्त्याकडे पळाली. तिथून दुधाच्या गाडीने तालुक्याच्या दवाखान्यात. चार दिवस ऑक्सिजन. दवाखान्याचं बिल मुकादमाच्या वहीत, आणि कामावर नव्हती त्या दिवसांचे खाडे वेगळे.

तो वाचला. पण पुढे दर हिवाळ्यात त्याच्या छातीत घरघर व्हायची. "बाळदमा आहे, मोठा झाला की जाईल," असं सगळे म्हणायचे. तो मोठा झाला, पण दमा गेला नाही. सातव्या वर्षी डॉक्टरांनी पंप लिहून दिला. "पंपाची सवय लागते" म्हणून नातेवाइकांनी तो बंद करायला लावला, आणि पुन्हा दवाखाना झाला तेव्हा परत सुरू केला. आज तो चोवीस वर्षांचा आहे. पंप नियमित घेतो, मोबाईलचं छोटं दुकान चालवतो, आणि सोयरिकीची बोलणी करायला जाताना पंप सॉक्समध्ये लपवतो.

*

आता माझा तपास.

तान्ह्या बाळांच्या छातीत उतरणाऱ्या विषाणूंमधला सर्वात कुप्रसिद्ध म्हणजे आरएसव्ही. तो पहिल्यांदा 1956 मध्ये सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये सापडला आणि लगेचच पुढच्या काळात माणसाच्या बाळांमध्येही. दोन वर्षांची होईपर्यंत जवळपास सगळ्याच मुलांना तो एकदा तरी गाठतो. बहुतेकांना साधी सर्दी होते. थोड्यांच्या फुप्फुसांतल्या अगदी बारीक नळ्या सुजतात आणि चिकट स्रावाने तुंबतात. तान्ह्या बाळाची नळी मुळातच इतकी अरुंद असते की थोडीशी सूजही पुरते. पोट उडतं ते यामुळे.

भावाची तपासणी कुणी केली नव्हती, त्यामुळे त्याचा विषाणू नेमका कोणता हे कधीच कळणार नाही. पण लक्षणं तंतोतंत जुळत होती. मग मला स्वीडनमधल्या बोरास शहराचा अभ्यास सापडला. 1989-90 च्या हिवाळ्यात आरएसव्हीमुळे दवाखान्यात दाखल झालेली 47 बाळं आणि त्यांच्याच वयाची, तशी दाखल न झालेली 93 बाळं. डॉक्टरांनी या सगळ्यांचा पाठपुरावा थेट अठराव्या वर्षापर्यंत केला. दाखल झालेल्यांपैकी 39 टक्के जणांना अठराव्या वर्षी दमा किंवा वारंवार घरघर होती. दुसऱ्या गटात हेच प्रमाण 9 टक्के.

मी खूश. फोन केला. "आई, विषाणू होता. सगळ्यांनाच होतो. तू नेलंस म्हणून नाही झालं."

पलीकडून आई म्हणाली, "मग तुला का नाय झालं?"

मला उत्तर आलं नाही. म्हणून पुढे वाचलं आणि केस हातातून निसटत गेली.

अमेरिकेतल्या टुसॉनमध्ये 1980 ते 1984 या काळात जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांवर असाच लांबचा अभ्यास झाला. तिथेही लहानपणी आरएसव्हीने छाती भरलेल्या मुलांना पुढे घरघर जास्त दिसली, पण वय वाढेल तसा हा फरक कमी होत गेला आणि तेराव्या वर्षापर्यंत जवळपास पुसला गेला. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या अभ्यासात, ज्यांच्या आई-वडिलांनाच दमा किंवा अ‍ॅलर्जी आहे अशा मुलांमध्ये, आरएसव्हीपेक्षा साध्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसमुळे झालेली घरघर पुढच्या दम्याची जास्त पक्की खूण निघाली.

आणि मग डेन्मार्कची जुळी. 1994 ते 2000 मध्ये जन्मलेल्या आठ हजारांहून जास्त जोड्यांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. त्यांना आढळलं ते उलटंच: आरएसव्हीमुळे दमा होतो असं मानण्यापेक्षा, दम्याकडे मुळातच कल असलेल्या बाळांना आरएसव्ही जड जातो असं मानलं तर आकडे जास्त नीट जुळतात. एकाच साच्यातली जुळी, एक दवाखान्यात गेलेलं आणि एक न गेलेलं, अशांची सातेक वर्षांनी तपासणी केली तेव्हा दोघांच्या दम्यात फरक दिसला नाही.

माझ्या कामात असं होतं. रात्री दोन वाजता एक सर्व्हर पडतो आणि पाठोपाठ दुसरा. पहिल्याने दुसऱ्याला पाडलं असं वाटतं. नीट बघितलं तर डिस्क आधीपासूनच भरत आलेली असते आणि त्या दिवसाच्या ट्रॅफिकने फक्त ते उघडं पाडलेलं असतं. विषाणू म्हणजे आग लावणारा, की आत आधीच धुमसत होतं हे दाखवणारा? उत्तर अजूनही एका बाजूला पूर्ण झुकलेलं नाही. नेदरलँड्समध्ये थोडी आधी जन्मलेली 429 बाळं घेऊन प्रयोग झाला. निम्म्यांना आरएसव्हीविरुद्धच्या प्रतिपिंडांची इंजेक्शनं दिली. पहिल्या वर्षात त्यांचे घरघरीचे दिवस 61 टक्क्यांनी कमी झाले. पण सहाव्या वर्षी फुप्फुसांची ताकद मोजली तेव्हा दोन्ही गट सारखे. दुसरीकडे, टेनेसीमधल्या सुमारे दोन हजार बाळांवरचा 2023 चा अभ्यास सांगतो की ज्यांना पहिल्या वर्षात आरएसव्ही झालाच नाही त्यांच्यापैकी 16 टक्क्यांना पाचव्या वर्षी दमा होता आणि ज्यांना झाला त्यांच्यापैकी 21 टक्क्यांना.

म्हणजे विषाणूचा काही वाटा असावा. बीजाचा असावा. धुराचा तर असतोच. पण माझ्या भावाच्या बाबतीत कुणाचा किती, हे सांगणारा लॉग कुठेही साठवलेला नाही.

एवढ्यावर मी थांबलो असतो. पण केनियातल्या किलिफी या ग्रामीण भागात झालेला एक अभ्यास समोर आला. तिथे संशोधकांनी घरोघर जाऊन सगळ्यांच्या नाकातले नमुने पुन्हा पुन्हा घेतले. प्रश्न साधा: तान्ह्या बाळापर्यंत विषाणू आणतं कोण? बऱ्याच घरांत उत्तर एकच निघालं. मोठं भावंडं.

आधी मला सर्दी झाली होती. मग त्याला. झोळीपाशी मी बसायचो. त्याच्या तोंडापाशी तोंड नेऊन त्याला हसवायचो, हे मला आठवतं.

*

त्या रात्री झोप लागली नाही, हे मी मान्य करतो. आणि तेवढ्यात मला आई पहिल्यांदा नीट कळली.

पाच वर्षांच्या पोराचा यात काही दोष नाही, हे मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. तरीही पोटात काहीतरी हललं. बर्नार्ड विल्यम्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने 1976 साली याबद्दल एक उदाहरण दिलं. एक ट्रक ड्रायव्हर नीट गाडी चालवतोय, आणि अचानक मूल मध्ये येऊन त्याच्या गाडीखाली सापडतं. चूक काहीच नाही. आपण त्याला समजावतो, "तुझा दोष नाही." आणि समजावायलाच हवं. पण तो लगेच "हो, खरंय" म्हणून चहा प्यायला बसला, तर आपल्यालाच तो माणूस विचित्र वाटेल. रस्त्यावरच्या बघ्याला वाटतं ते दुःख वेगळं आणि "हे माझ्या हातून झालं" हे दुःख वेगळं. दुसऱ्याला दोष असावाच लागतो असं नाही.

मी आईशी वर्षानुवर्षं दोषाबद्दल वाद घालत होतो. ती बोलत होती या दुसऱ्या दुःखाबद्दल.

पण ड्रायव्हरचं उदाहरण आईला पूर्ण लागू होत नाही. मी सर्दी ठरवून आणली नव्हती. आईने मात्र जायचं ठरवलं होतं. मग तो निर्णय किती तिचा होता?

कारखान्याच्या भाषेत कोयता म्हणजे अवजार नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल जोडीवर मिळते. बायको घरी राहिली तर उरतो अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम सहसा हात लावत नाही. उचल आधीच खर्च झालेली. लेकरू अंगावर पिणारं, म्हणून आजीकडे ठेवता येत नाही. एवढं सगळं बांधून झाल्यावर उरलेल्या एका वाटेला आपण निर्णय म्हणतो.

मी हे आईला असंच सांगितलं. मला वाटलं, हा मुद्दा बिनतोड आहे. तिच्या हातात काही नव्हतंच, तर दोष कसला?

ती चिडली. म्हणाली, "म्हंजे म्या काय मेंढरू हाय का, हाकललं तिकडं जायला? म्याच ठरवलं होतं. पत्रे टाकायचे म्हनून म्याच तुह्या बापाला उचल घ्यायला लावली. पोरं गळक्या घरात नको म्हनून."

हे मला कुठल्याही अभ्यासात सापडलं नसतं. "तुझ्या हातात काहीच नव्हतं," हे वाक्य मी तिला दिलासा म्हणून देत होतो. तिला ते अपमानासारखं लागत होतं. ते खरं मानलं तर त्या वर्षीचे पत्रे तिचे राहत नाहीत, आम्हाला शिकवायचं ठरवणं तिचं राहत नाही, मी इंजिनिअर होणंही परिस्थितीच्याच खात्यात जातं. दोष सोडायचा तर त्यासोबत कर्तेपणही सोडावं लागतं. तो सौदा तिला मान्य नव्हता. गरीब माणसाला निर्दोष ठरवण्याच्या नादात आपण त्याला माणसातूनच काढून टाकतो, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

*

मग दोष कुणाच्या नावावर लिहायचा? मला वाटतं प्रश्नाचाच घोळ आहे.

जेफ्री रोझ नावाच्या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने 1985 मध्ये एक फरक मांडला. "याच माणसाला हा आजार का झाला?" हा एक प्रश्न. "या लोकांमध्ये हा आजार इतका का आहे?" हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा बीज आणि नशीब यांच्या गुंत्यात हरवतं. दुसऱ्याचं मात्र शोधता येतं, आणि बदलताही येतं.

आई आयुष्यभर पहिला प्रश्न विचारत आली. मीही तिच्या बाजूने तोच विचारला. "माझ्याच लेकराला का?" याचं उत्तर बोरासमध्ये नाही आणि डेन्मार्कमध्येही नाही. पण कोप्यांमध्ये इतकी लेकरं का धापा टाकतात, हे सांगायला जुळ्यांची नोंदवही लागत नाही. विषाणू सगळ्या पाळण्यांपर्यंत पोचतो, पुण्यातल्या फ्लॅटमध्येही आणि फडाच्या बांधावरही. त्यानंतरचा फरक पाचटाच्या धुराचा असतो, थंडीचा असतो, आणि ऑक्सिजन किती लांब आहे याचा असतो.

हा दुसरा प्रश्न विचारून काय होतं, याचा आपल्याच राज्यातला पुरावा जुना आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या दाया आणि आरोग्यसेवकांना बाळाचा श्वास मोजायला शिकवलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी सरकवायची पट्टी. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही श्वास फार वेगात चाललाय हे कळावं म्हणून. न्यूमोनिया दिसला की गावातच औषध. 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: ज्या गावांत हे काम चाललं तिथे पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहूनही कमी. ते औषध जिवाणूंवरचं होतं, आरएसव्हीवर ते चालत नाही. पण श्वास मोजणं दोन्हीकडे तेच. तिथे कुणी आईला विचारत बसलं नाही की थंडीत बाळाला बाहेर का काढलंस.

आज तर आणखी पुढची साधनं आहेत. 2023 पासून काही श्रीमंत देशांत गरोदर बायकांना आरएसव्हीची लस आणि नवजात बाळांना प्रतिपिंडांचं एक इंजेक्शन मिळू लागलंय. ज्या बाळाच्या घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर, त्याला ते आधी मिळालं. ज्याच्या कोपीपासून डांबरी रस्ताच लांब, त्याचा नंबर शेवटी. त्याने दमा टळेल का, हे नेदरलँड्स आणि टेनेसीवाले ठरवतील. दुधाच्या गाडीची वाट बघणं टळेल, एवढं नक्की.

आमच्या कंपनीत मोठा बिघाड झाला की जो अहवाल लिहितात त्यात माणसाचं नाव घालायचं नाही, असा नियम आहे. घाबरलेला माणूस खरं सांगत नाही आणि खरं कळलं नाही तर बिघाड पुन्हा होतो, हे त्यामागचं कारण. नियम चांगला आहे. पण तो आम्हाला परवडतो, कारण अहवालाच्या शेवटी काय दुरुस्त करायचं, कुणी आणि कधीपर्यंत, याचे रकाने असतात. कोपीतल्या बिघाडाला ते रकाने नाहीत. दुरुस्ती कुणाच्याच नावावर नसली की दोष आपोआप सगळ्यात जवळच्या माणसावर जाऊन बसतो. आणि तान्ह्या लेकराच्या सगळ्यात जवळ कोण असतं?

*

निघायच्या आदल्या रात्री हे सगळं मी भावाला सांगितलं. स्वीडन, डेन्मार्क, जुळी, सगळं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही दोघं माझ्या दम्याचं दरवर्षी श्राद्ध घालता. मी जिता हाय की." मग थोड्या वेळाने म्हणाला, "तुह्या त्या अहवालात ती मला घेऊन पळाली ते कुठंय?"

नव्हतंच. बिघाडाचा माग मी चोवीस वर्षं मागे काढत गेलो होतो. तो जगला कसा, याचा माग काढायचं मला सुचलंही नव्हतं. आजारपणाच्या साखळीत आईची एक कडी धरायची असेल, तर जगण्याच्या साखळीतलीही तिची कडी धरायला हवी. आणि ती कडी कुठल्याही आकडेवारीशिवाय पक्की आहे.

सकाळी आई भाकरी बांधून देत होती. मी म्हणालो, "आई, त्या साली आधी मला सर्दी झाली होती. त्याला माझ्यामुळंच झालं असेल."

तिने वर बघितलंही नाही. "येडा का काय! पाच वर्साचं लेकरू तू. तुहा कसला दोष?"

एका सेकंदात सोडलं मला. ना पुरावा मागितला, ना आकडे.

"मग तुहा कसला?" मी विचारलं.

तिने भाकरीच्या फडक्याला गाठ मारली. आतल्या खोलीत भाऊ अजून झोपला होता. ती उठून त्याच्यापाशी गेली आणि रोजच्यासारखा त्याच्या पोटावर हात ठेवून, श्वास बघत, थोडा वेळ तशीच उभी राहिली.